रेडिओवरून मिळणारी अधिकृत वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घड्याळ लावण्यासाठी रेडिओची वाट पाहण्याची सवय आता मोडली आहे. तरीही रेडिओवरील कालसंकेतांविषयी प्रश्न येतच राहतात. काही जण परदेशातून आणलेले आपोआप जुळणारे घड्याळ इथे का चालत नाही असे विचारतात, तर काहींना शॉर्टवेव्हवर ऐकू येणाऱ्या टिकटिकीचा उगम हवा असतो. आकाशवाणी ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला मोबाइल ॲपवरच्या टोल्यांवर विश्वास ठेवावा की नाही, अशी शंका असते. अशा प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

रेडिओवरील कालसंकेत म्हणजे नेमके काय?

एखाद्या प्रमाणित घड्याळाने ठरवलेला क्षण ध्वनीच्या किंवा सांकेतिक खुणांच्या रूपाने रेडिओलहरींवरून सर्वांसाठी खुला करणे म्हणजे कालसंकेत. याचे तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात नेहमीच्या कार्यक्रमांच्या मध्ये, सहसा तासाच्या ठोक्याला, काही टोले वाजवले जातात. बातमीपत्राआधीचे ‘पीप पीप’ हे त्याचे परिचित रूप. दुसऱ्या प्रकारातील केंद्रे वेळेसाठीच उभारलेली असतात आणि दिवसरात्र दर सेकंदाला टिक पाठवतात. तिसऱ्या प्रकारातील संकेत माणसाच्या कानासाठी नसतोच. दीर्घलहरींवरून जाणारा तो संकेत भिंतीवरचे किंवा मनगटावरचे घड्याळ स्वतःच वाचते आणि आपले काटे जुळवते.

ही वेळ ‘अधिकृत’ कशामुळे ठरते?

टोला किती अचूक वाजला यापेक्षा तो कोणाच्या घड्याळावरून वाजला, हे येथे महत्त्वाचे असते. भारतात हा मान नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. भारतीय प्रमाणवेळ तेथील सीझियम घड्याळे आणि हायड्रोजन मेझर (हायड्रोजन अणूंवर चालणारी अतिअचूक घड्याळे) यांच्या आधारे राखली जाते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम-१३३ या अणूवर बेतलेली आहे: त्याच्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद.

प्रयोगशाळेचे घड्याळही एकटे नसते. ऐंशीहून अधिक संस्थांमधील शेकडो आण्विक घड्याळांची मोजमापे पॅरिसजवळच्या सेव्ह्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाकडे जातात. ते कार्यालय त्यांची भारित सरासरी काढून जागतिक समन्वित वेळ निश्चित करते आणि कोणत्या देशाचे घड्याळ किती नॅनोसेकंदांनी पुढे-मागे होते हे दर महिन्याला कळवते. जगाची सर्वांत अचूक वेळ अशा रीतीने कागदावर, आणि तीही मागाहून, ठरते. प्रत्यक्ष त्या क्षणी कोणत्याही घड्याळावर ती दिसत नसते. आपल्याला रेडिओवर मिळते ती तिची राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्या घटकेला धरलेली प्रतिकृती. ही प्रतिकृती मूळ वेळेच्या इतकी जवळ असते की सामान्य व्यवहारात तो फरक कधीच जाणवत नाही.

यासाठी रेडिओचीच निवड का झाली? त्याआधी लोक काय करत?

या गरजेचा उगम समुद्रात आहे. जहाजाचा रेखांश काढायचा तर एखाद्या ठरलेल्या रेखावृत्तावर या क्षणी किती वाजले आहेत, हे ठाऊक असावे लागते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. त्यामुळे जहाजावरील क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रप्रवासासाठीचे अचूक घड्याळ, चार सेकंद चुकला, तर विषुववृत्तावर जहाजाची जागा सुमारे एका सागरी मैलाने चुकते. रात्री खडकाळ किनाऱ्याजवळ एवढी चूक प्राणघातक ठरू शकते.

क्रोनोमीटर कितीही उत्तम असला तरी बंदरात आल्यावर तो तपासून घ्यावा लागे. १८३३ पासून ग्रीनिचच्या वेधशाळेवर रोज दुपारी एकच्या ठोक्याला एक मोठा गोळा खांबावरून खाली सोडला जाई; टेम्स नदीतील जहाजांवरचे अधिकारी दुर्बिणीतून तो पाहून घड्याळे जुळवत. ती प्रथा आजही तेथे पाळली जाते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कोलाब्याला वेधशाळा उभारली. आज आपण तिला हवामानासाठी ओळखतो. तिच्या स्थापनेमागे मात्र खगोलवेध आणि जहाजांसाठी अचूक वेळ हा हेतू होता.

गोळ्याची मर्यादा उघड होती, कारण तो बंदरातूनच दिसे आणि तेही हवा स्वच्छ असेल तेव्हा. तारायंत्राने वेळ शहराशहरांत पोहोचवली, परंतु भर समुद्रातील जहाजाला तार कोठून जोडणार? विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेशवहन हाती आले आणि ही अडचण सुटली. अमेरिकी नौदलाने १९०४-०५ च्या सुमारास बिनतारी कालसंकेत सुरू केले. २३ मे १९१० पासून पॅरिसचा आयफेल मनोरा वेळ प्रक्षेपित करू लागला. प्रदर्शन संपल्यावर पाडून टाकायच्या या मनोऱ्याला बिनतारी संदेशवहनातील उपयोगाने जीवदान मिळाले, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते; त्या उपयोगांत वेळ वाटण्याचे कामही होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. निरनिराळ्या देशांचे संकेत एकमेकांशी जुळत नाहीत हे लवकरच ध्यानात आले, आणि १९१२ मध्ये पॅरिसला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

बीबीसीच्या सहा टोल्यांपैकी घड्याळ नेमके कोणत्या टोल्यावर लावायचे?

शेवटच्या, म्हणजे सहाव्या टोल्याच्या आरंभावर. पहिले पाच टोले प्रत्येकी सेकंदाच्या दहाव्या भागाइतके लहान असतात आणि सहावा अर्ध्या सेकंदाचा असतो. तो संपण्याची वाट पाहिली, तर घड्याळ अर्ध्या सेकंदाने मागे लागते.

हे टोले ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सुरू झाले. राजखगोलज्ञ सर फ्रँक डायसन आणि बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांच्या बोलण्यातून ही योजना पुढे आली. ग्रीनिच वेधशाळेतील दोन लंबकाच्या घड्याळांना विद्युत जोड बसवून त्यांचा संकेत तारेने बीबीसीकडे नेण्यात आला. एक घड्याळ बंद पडले तर दुसरे असावे, म्हणून घड्याळे दोन. सहावा टोला १९७२ च्या आरंभापासून लांब करण्यात आला, त्याआधी सहाही टोले सारखेच होते. कोणता शेवटचा हे मोजूनच ओळखावे लागत असल्याने पहिला टोला निसटलेल्या श्रोत्याची पंचाईत होत असणार. १९९० पासून बीबीसी हे टोले स्वतःच्या यंत्रणेतून तयार करते आणि त्यासाठी उपग्रह व दीर्घलहरींवरून आलेल्या वेळेचा आधार घेते.

भारताचे स्वतःचे असे केंद्र होते का?

होते. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ‘एटीए’ या संकेतनावाचे शॉर्टवेव्ह केंद्र दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातून १० मेगाहर्ट्झवर वेळ आणि प्रमाण वारंवारता प्रक्षेपित करत असे. काही काळ ५ आणि १५ मेगाहर्ट्झवरही त्याची सेवा होती. जहाजे, संशोधन संस्था, भूकंपमापन केंद्रे आणि खगोल निरीक्षक यांना तिचा उपयोग होई. पुढे प्रयोगशाळेने इन्सॅट उपग्रहावरून वेळ देण्याची सोय केली, आणि टेलिफोनच्या तारेवरून उपकरणांची घड्याळे जुळवणारी सेवाही उभी केली. एटीएचे प्रक्षेपण आता बंद झालेले आहे. १० मेगाहर्ट्झवर आज टिकटिक ऐकू आली तर ती दिल्लीची नसते.

भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईची वेळ वेगळी होती, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि हे पुष्कळ वर्षे चालले. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी वेळ देशासाठी स्वीकारण्यात आली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. मुंबईच्या नागरिकांनी ही नवी वेळ सरकारने लादलेली मानली आणि नगरपालिकेने आपली घड्याळे जुन्या वेळेवरच ठेवली. रेल्वे प्रमाणवेळेवर चालत असल्याने स्टेशनात एक वेळ आणि स्टेशनाबाहेर दुसरी, अशी ही स्थिती १९५५ पर्यंत टिकली. कलकत्त्याने आपली स्थानिक वेळ १९४८ मध्ये सोडली.

त्या ३९ मिनिटांचा माग आजही काढता येतो. मुंबईत मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास होते. नागपूर बरेच पूर्वेला असल्याने तेथे ते जवळजवळ पंचवीस मिनिटे आधी होते. पंचांगातील सूर्योदय दुसऱ्या गावासाठी वापरताना काही मिनिटांची दुरुस्ती करावी लागते, तीही यामुळेच. रेडिओवरचा टोला मात्र दोन्ही शहरांत एकच वाजतो, आणि तो सूर्याला विचारून वाजत नाही.

शॉर्टवेव्हवर आज महाराष्ट्रातून कोणते कालसंकेत ऐकू येऊ शकतात?

बरा शॉर्टवेव्ह संच, खिडकीबाहेर टाकलेली काही मीटर तार आणि रात्रीची वेळ असेल, तर ५ आणि १० मेगाहर्ट्झच्या आसपास शोध घ्यावा. चीनच्या शान्शी प्रांतातील पुचेंग येथील ‘बीपीएम’ या केंद्राच्या वारंवारता याच पट्ट्यांत आहेत. ४९९६ आणि ९९९६ किलोहर्ट्झवर मॉस्कोचे ‘आरडब्ल्यूएम’ असते. तेथे मनुष्याचा आवाज नसतो आणि मोर्स पद्धतीच्या खुणा असतात. एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या खरखरीने शहरांत हे ऐकणे फार अवघड केले आहे. गच्चीवर किंवा गावाकडे प्रयत्न केल्यास यश येण्याचा संभव अधिक.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध केंद्र म्हणजे अमेरिकेतील कोलोराडो राज्यातले ‘डब्ल्यूडब्ल्यूव्ही’. १९६६ पासून ते फोर्ट कॉलिन्स येथे आहे आणि त्याचे भावंड ‘डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच’ हवाई बेटांतील कौआई येथे. त्याचे एक मिनिट लक्षपूर्वक ऐकण्यासारखे असते. प्रत्येक सेकंदाला पाच मिलिसेकंदांची, म्हणजे अगदी ओझरती टिक होते. तिच्या आगेमागे बाकी सारे आवाज क्षणभर थांबवले जातात, जेणेकरून ती गोंगाटातही वेगळी कळावी. एकोणतिसाव्या आणि एकोणसाठाव्या सेकंदाची टिक मुद्दाम गाळलेली असते. मिनिट संपता संपता येणाऱ्या मिनिटाची जागतिक समन्वित वेळ बोलून सांगितली जाते आणि मिनिट सुरू होताच ०.८ सेकंदाचा लांब स्वर वाजतो. दोन्ही केंद्रे एकाच वारंवारतेवर चालत असल्याने काही ठिकाणी ती एकमेकांवर ऐकू येतात. म्हणून कोलोराडोचा आवाज पुरुषाचा, हवाईचा स्त्रीचा, आणि दोघांच्या घोषणा काही सेकंदांच्या अंतराने, अशी सोय केलेली आहे. आपल्याकडे त्यात साडेपाच तास मिळवले की झाले.

जर्मनीहून आणलेले ‘रेडिओ कंट्रोल्ड’ घड्याळ पुण्यात का जुळत नाही?

युरोपात नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न फार येतो, आणि घड्याळ बिघडले असा समज करून घेतला जातो. घड्याळ बिघडलेले नसते. ते फ्रँकफर्टजवळील माइनफ्लिंगेन येथून ७७.५ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या ‘डीसीएफ ७७’ केंद्राला शोधत असते. त्याची उपयुक्त पोच सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. महाराष्ट्र त्याच्या तिपटीहून दूर आहे.

या संकेताची रचना साधी आहे. केंद्राची लहर अखंड चालू असते आणि प्रत्येक सेकंदाच्या आरंभी तिची तीव्रता क्षणभर खाली आणली जाते. ही घट ०.१ सेकंद टिकली तर शून्य, ०.२ सेकंद टिकली तर एक. अशा खुणांतून एका मिनिटात येणाऱ्या मिनिटाचा तास, मिनिट, तारीख, वार आणि उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत) चालू आहे का, हे सारे सांगून होते. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला घट होतच नाही. त्या पोकळीवरून घड्याळ ओळखते की पुढची खूण म्हणजे नवे मिनिट. एवढा सगळा व्यवहार सेकंदाला एका खुणेच्या गतीने चालतो, म्हणूनच स्वस्तातल्या घड्याळालाही तो झेपतो.

जपान, चीन, ब्रिटन आणि अमेरिका यांची अशीच दीर्घलहरी केंद्रे आहेत. भारतात घड्याळांसाठी असे केंद्र नाही. त्यामुळे कितीही महागडे घड्याळ आणले तरी ते येथे साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखेच चालेल आणि महिन्याला काही सेकंद पुढे-मागे होईल. आणखी एक अडचण खरेदीपूर्वीच पाहून घ्यावी: यांतील पुष्कळ भिंतीवरची घड्याळे पूर्ण तासांचाच फरक स्वीकारतात आणि आपल्या अर्ध्या तासाला त्यांच्यात जागाच नसते. हाताने वेळ लावता येत असेल तरच असे घड्याळ भेट म्हणून आणावे.

रेडिओवरचा टोला माझ्यापर्यंत येईपर्यंत किती उशीर होतो?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. दिल्लीहून मुंबईपर्यंतच्या हवाई अंतराला त्यांना चार मिलिसेकंदही लागत नाहीत. मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या टोल्याचे थेट प्रक्षेपण होत असेल, तर मनोऱ्यापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाआधी तो हजार किलोमीटरवरच्या श्रोत्याला ऐकू जातो. पहिल्याच्या कानापर्यंत पोहोचायला ध्वनीला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात.

साध्या मध्यमलहरी प्रक्षेपणात ध्वनी प्रक्षेपकात गेला की लगेच बाहेर पडतो, म्हणून या हिशेबात वाटेतले अंतरच तेवढे धरावे लागते. मधे उपग्रह आला की गणित बदलते. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने वर-खाली एका फेरीतच पाव सेकंद जातो. ध्वनीचे अंकीय रूपांतर, संपीडन आणि संचातील साठवण यांत आणखी काळ मोडतो. इंटरनेटवरून किंवा ॲपवरून ऐकताना हा उशीर कित्येक सेकंदांचा होतो, शिवाय तो प्रत्येक फोनवर वेगळा असतो. एकाच खोलीत जुना ट्रान्झिस्टर आणि मोबाइल ॲप यांवर एकच केंद्र लावून पाहावे. ट्रान्झिस्टरवर बातम्या सुरू होऊन जातात आणि फोनवर अजून टोलेही वाजलेले नसतात.

त्यामुळे ॲपवरच्या टोल्यांवर घड्याळ लावू नये. टोला निघतो तेव्हा बिनचूक असतो. वाटेने तो खोटा ठरतो.

म्हणूनच कॅनडाने आपला कालसंकेत बंद केला का?

मुख्यतः, होय. कॅनडाच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेवर १९३९ पासून रोज दुपारी प्रसारित होणारा राष्ट्रीय संशोधन परिषदेचा कालसंकेत ९ ऑक्टोबर २०२३ रोजी शेवटचा वाजला. श्रोते उपग्रह, इंटरनेट अशा निरनिराळ्या मार्गांनी कार्यक्रम ऐकू लागल्यावर प्रत्येकाला ‘अधिकृत’ क्षण वेगळ्या क्षणी मिळू लागला होता. ज्या संकेताचे सारे मोल एकाच वेळी सर्वांपर्यंत पोहोचण्यात होते, त्याबाबत संस्थेने घेतलेला हा निर्णय प्रामाणिक म्हणावा लागेल, जरी अनेक श्रोत्यांना तो रुचला नाही. त्याच परिषदेचे ‘सीएचयू’ हे शॉर्टवेव्ह केंद्र ३३३०, ७८५० आणि १४६७० किलोहर्ट्झवर वेगळेच चालते.

अमेरिकेतही २०१८ मध्ये दोन्ही शॉर्टवेव्ह केंद्रे बंद करण्याचा अर्थसंकल्पीय प्रस्ताव आला होता. तो अमलात आला नाही.

लीप सेकंद आला की टोल्यांचे काय होते?

पृथ्वीचे फिरणे आण्विक घड्याळाइतके नियमित नाही. दोन्हींतील फरक ०.९ सेकंदाच्या आत राहावा म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालण्यात येतो. आतापर्यंत असे २७ सेकंद घालण्यात आले. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस आला. तो जागतिक मध्यरात्रीला येत असल्याने भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती आणि ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर साडेपाच न वाजता ५:२९:६० असा एक सेकंद गेला. अशा वेळी बीबीसी एक जादा टोला वाजवते. संगणक यंत्रणांना हा सेकंद फार त्रासदायक ठरतो. २०३५ पर्यंत ही पद्धत सोडून द्यावी, असा ठराव वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय महापरिषदेने २०२२ मध्ये केला आहे.

जीपीएसची वेळ म्हणजे वेगळीच वेळ का?

जीपीएस हाही रेडिओवरचा कालसंकेतच आहे. फरक इतकाच की प्रक्षेपक अंतराळात आहे आणि घड्याळ त्याच्या पोटात. उपग्रहांपासून संकेत यायला किती काळ लागला, यावरूनच आपली जागा काढली जाते. जीपीएसच्या अंतर्गत वेळेत लीप सेकंद धरले जात नाहीत, म्हणून ती जागतिक समन्वित वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. संच तो फरक वजा करूनच आकडे दाखवतो.

मग भारतात आज अधिकृत वेळ घ्यायची कोठून?

घरगुती वापरासाठी मोबाइलवरची वेळ पुरेशी आहे. संगणकांसाठी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे आणि राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राचे वेळ देणारे सर्व्हर आहेत, आणि एप्रिल २०२२ मधील सायबर सुरक्षाविषयक निर्देशांनी संस्थांना आपली यंत्रणा त्यांच्याशी किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवण्यास सांगितले आहे. बँकांचे व्यवहार, वीजजाळ्यातील बिघाडाचा शोध आणि दूरसंचार यांना मिलिसेकंद ते मायक्रोसेकंदाची अचूकता लागते. त्यासाठी ग्राहक व्यवहार विभाग, प्रयोगशाळा आणि इस्रो मिळून अहमदाबाद, बंगळूरु, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी येथील पाच केंद्रांतून वेळ वितरित करण्याची योजना राबवत आहेत. सर्व व्यवहारांसाठी भारतीय प्रमाणवेळ बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदाही जानेवारी २०२५ मध्ये सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यात आला.

इतके सगळे असताना शॉर्टवेव्हवरच्या टिकटिकीचा आज कोणाला उपयोग?

तिला इंटरनेट लागत नाही, नोंदणी लागत नाही, आणि ऐकणाऱ्याचा पत्ता कोणाला कळत नाही. उपग्रह संकेत फार क्षीण असल्याने तो स्थानिक अडथळ्याने दाबता येतो; अशा वेळी जमिनीवरचा दुसरा मार्ग असावा, असे मानणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. हौशी रेडिओचालक आपला संच बिनचूक वारंवारतेवर आहे का, हे याच केंद्रांवरून तपासतात.

चंद्राआड एखादा तारा जातो तो क्षण टिपणाऱ्या खगोल निरीक्षकांनी तर दीर्घकाळ याच टिकटिकीवर काम केले. दुर्बिणीला डोळा लावून बसावे, शेजारी शॉर्टवेव्ह संच आणि ध्वनिमुद्रक चालू ठेवावा, आणि तारा दिसेनासा होताच ‘गेला’ असे मोठ्याने म्हणावे. टिका आणि तो शब्द एकाच फितीवर येत असल्याने नंतर शांतपणे ऐकून सेकंदाचा अंश काढता येई. त्यातून निरीक्षकाच्या प्रतिक्रियेला लागलेला काळ वजा करावा लागे. तो साधारण ०.२ ते ०.३ सेकंद असतो, आणि संकेताच्या वाटेत लागलेल्या काही मिलिसेकंदांपेक्षा कितीतरी मोठा ठरतो.